गुणाचं पोर

शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला टांगलेल्या झोळीत तुळसाचं तान्हं दिवसभर निजून राहायचं. “मोठं गुणाचं पोर व तुहं!” धानाचा रोवणा करणाऱ्या बाया म्हणायच्या. चिखलात वाकलेल्या तुळसाला बरं वाटायचं. रोज सकाळी ती दुधात बुडवलेल्या बोटावर मोहरीएवढी अफू त्याला चाटवायची. तिच्या आईनंही तिला तशीच चाटवली होती. मोहरीएवढीनं पोर निजेना, तेव्हा ज्वारीएवढी झाली. एका दुपारी पाजायला गेली, तर पोर डोळेच उघडेना. बाया धावल्या. तळवे चोळले, पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं ते बारीक कण्हलं. तुळसानं कनवटीची अफूची डबी काढून चिखलात खोल रोवली. दुसऱ्या दिवशी पाठीशी बांधलेलं पोर अफूसाठी टाहो फोडत होतं. “काऊन एवढं रडून राह्यलं व?” बाया वैतागल्या. त्याला थोपटत तुळसा म्हणाली, “रडू द्या. गप झालं का माहाच जीव जाते.”