निळ्याचं घर

देवकीनं बोट उचललं आणि पुन्हा खाली घेतलं. ओमप्रकाशच्या दुकानात काचेमागे रंगीबेरंगी मासे फिरत होते. ज्याच्याकडे आपलं बोट जाईल त्याचं मरण ठरलं, असं तिला वाटत होतं. शेजारी दहा वर्षांची यमू उभी होती. ती माशांकडे पाहतच नव्हती. ती देवकीच्या बोटाकडे पाहत होती.

यमू तिची सावत्र मुलगी. देवकी नुकतीच काटोलहून धरमपेठेत आली होती, वामनरावांची दुसरी बायको होऊन. यमू तिला अजून कोणत्याच नावानं हाक मारत नसे. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी होती. पाणी मुंबईहून डबे भरून आगगाडीनं यायचं; त्या घराला समुद्र तेवढाच. आतले दगड-शिंपले यमूच्या आईनं स्वतःच्या हातानं मांडलेले. निळा मासाही तिनंच आणलेला. ती देवाघरी गेली, मासा राहिला. घरातलंही सारं, अगदी तिचं कपाटसुद्धा, तिनं ठेवलं तिथंच राहिलं. साधी मिठाची बरणी सरकवायची देवकीची छाती होत नव्हती. तिची स्वतःची ट्रंक अजून ओसरीत दाराआड पडून होती, उद्या परत जाणाऱ्या पाहुणीची असावी तशी.

वामनराव वनखात्यात. दौऱ्यावर पारशिवनीला निघताना ते म्हणाले होते की, निळा एकटा पडलाय, दोघी मिळून त्याला सोबत आणा. देवकीनं हौसेनं तसलाच निळा आणला. सकाळी तो फाटक्या परांनी पाण्यावर तरंगत होता. मग इवलासा पिवळा आणला. तो कोपऱ्यात दडून दडून मेला. दोन्ही वेळा यमूनं मेलेला मासा पळीनं बाहेर काढला आणि एवढंच म्हणाली, "तो कोणालेच राहू देत नाही."

त्यात शेजारच्या पार्वतीबाईंनी भिंतीवरून हळूच सांगितलं, "जपून राहा वं. त्या माशात कोण बसलं आहे, कोणाले माहीत." तेव्हापासून टाकीपुढून जाताना देवकीच्या ओठांवर रामनाम असे. निळा काचेला तोंड लावून तिच्या मागोमाग सरकत येई.

ओमप्रकाशनं सगळं ऐकून घेतलं. पहिला मासा त्याच रंगाचा होता म्हणून वैरी ठरला आणि दुसरा फारच चिमुकला होता, असं त्याचं म्हणणं पडलं. लहान टाकीत गर्दी नको, आणखी एकच पुरे. तोही वेगळ्या रंगाचा, अंगानं जरा थोराड, स्वभावानं गरीब. त्यानं पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारंगी मासा दाखवला. मग मान खाजवली.

"पण भरोसा नाही, भाभी. खरं सांगू का, तो निळाच मले आणून द्या. तो गेला का कोणताबी मासा जगते मंग."

हातातल्या कापडी पिशवीच्या बंदावरली यमूची मूठ आवळली गेली. देवकीनं ती मूठ पाहिली. किती सोपं होतं. वामनरावही हो म्हणाले असते. मागे लागलेला तो डोळा घरातून कायमचा गेला असता.

"निळा नाही जायचा कुठं," ती म्हणाली. "तो पहिला आहे."

घरी आल्यावर नारंगी माशाची पिशवी तिनं टाकीत तरंगत ठेवली. निळ्यानं बाहेरून पिशवीला धडका द्यायला सुरुवात केली. देवकीच्यानं गाठ सोडवेना. तेव्हा तिला काटोलच्या देवळातले बुवा आठवले. ऐन कीर्तनात टाळ थांबवून ते विचारायचे, घरात नवा देव आला तर त्याला कुठं बसवाल? कोपऱ्यात? अरे, आधी सगळे देव ताम्हनात घ्या, देव्हारा पुसा, मग जुने-नवे एकदमच मांडा. मग कोणी मालक नाही आणि कोणी पाहुणा नाही.

तिनं हे यमूला सांगितलं. सांगितलं कसलं, दगड हलवायची परवानगीच मागितली. यमू टाकीतल्या दगडांकडे बघत राहिली. संपलं, देवकीच्या मनात आलं. आता ही आईच्या दगडांसाठी आकांत करणार.

यमूनं जाळी घेतली. निळ्याला अलगद टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बरणीत ठेवलं. फ्रॉकची बाही वर सारली, पाण्यात हात घातला आणि आईनं मांडलेला पहिला दगड बाहेर काढला. तो जरा वेळ मुठीत धरला. मग दुसरा काढला.

दोघींनी सगळं नव्यानं मांडलं. दोन्ही मासे एकदमच सोडले. निळा उसळला आणि देवकीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो आपली जुनी कपार शोधत गरगर फिरत होता. ती कुठंच नव्हती. नारंगी मासा शिंपल्याआड शेपूट हलवत होता. निळा त्याच्याजवळून गेला, थबकला, आणि दुसऱ्याच एका दगडाखाली शिरला.

सकाळी काय दिसेल, देव जाणे. ओल्या हातांनी देवकी तशीच उभी राहिली. यमू शेजारी नव्हती. ओसरीतून फरशीवर पत्रा घासल्याचा आवाज आला, तशी देवकी दचकून धावली.

यमू ट्रंकेची एक कडी धरून वाकली होती.

"दुसरी कडी तू धर," ती म्हणाली. "आत गेल्यावर पहिले आईचं कपाट हलवू."