माळढोक, मादी, एक

“सर, जरा खाली बसा. टोपी दिसतीय,” गोरक्षनाथ कुजबुजला.

माधवराव गवतात खाली बसले. गुडघे कुरकुरले. थंडी मी म्हणत होती. सकाळपासून दुर्बिणीत एक भोवत्या ससाणा, एक गप्पीदास आणि चंडोलांचा थवा, एवढंच आलं होतं. ते त्यांनी वहीत टिपलं. पण ज्याच्यासाठी सावेडीच्या घरून पहाटे चारला गाडी काढली होती, त्या माळढोकाचा पत्ता नव्हता.

“परवाच हुता, सर. त्या बाभळीच्या पल्याड.”

गोरक्षनाथ दरवर्षी असंच म्हणायचा. कर्जतजवळचा हा चार एकर माळ त्याचा. डिसेंबर लागला की त्याचा फोन यायचा, “सर, आला.” माधवराव तारीख लिहून घ्यायचे आणि पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकायचे. मग एका रविवारी स्वतः यायचे. त्यांना मात्र तो कधी दिसायचा नाही. मोठा लाजाळू पक्षी, चालायचंच.

खरं म्हणजे त्यांना तो एकदाही दिसला नव्हता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. याच माळावर, असंच धुकं होतं. गवतातून एक लांब मान वर आली आणि माधवरावांचं काळीज थांबलं. कित्येक वर्षांत या बाजूला कुणाला न दिसलेला पक्षी! त्यांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘माळढोक, मादी, एक.’ तेवढ्यात शेळ्या घेऊन गोरक्षनाथ आला. माधवरावांनी ओळखदेख नसताना त्याला मिठीच मारली. “तुमच्या रानात माळढोक आहे हो! जपा त्याला!” तो बिचारा हरखला, त्यांचा फोन नंबर घेतला आणि पक्षी बुजू नये म्हणून शेळ्या घेऊन लांबच्या वाटेने गेला.

दहा मिनिटांनी पक्षी गवताबाहेर आला आणि त्याने तुरा हलवला. लांडोर होती.

तोवर ग्रुपवर बेचाळीस जणांनी अभिनंदन केलं होतं. घरी दमयंतीबाईंनी शिरा करायला घेतला होता. ‘चुकलो’ एवढा एक शब्द लिहायचा होता. तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या मास्तरांना तो लिहिता आला नाही. त्या हिवाळ्यात त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघवत नव्हतं. मग पुढच्या डिसेंबरात गोरक्षनाथचा पहिला फोन आला आणि त्यांना देव पावल्यासारखं झालं. पक्षी खरोखरच आला होता. आपलं खोटं आपोआप खरं झालं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि ते सुखाने झोपू लागले.

आक्काबाई किटलीतून चहा घेऊन आली. गोरक्षनाथची बायको. तिने दोघांच्या हातात कप दिले आणि ती तिथेच टेकली.

“सर, तुमीच सांगा ह्यास्नी काईतरी,” ती म्हणाली. “थोरल्या दिरानं, काकासायबांनी, बोअर घेतला. पानी लागलं. त्यांचं समदं रान कांद्यानं हिरवंगार झालंय बगा. आमाला बी पानी द्याया तयार हायती. पन हे नांगर लावू देत न्हाईत. पक्षी उडून जाईल म्हनत्यात. पोरगं भांडून पुन्याला गेलं कामाला. लई वरसं झाली आसंच चाललंय.”

“गप ए,” गोरक्षनाथ म्हणाला. “सरांनी जपा म्हनून सांगितलंय.”

माधवरावांनी चहावरून नजर उचलली. त्यांनी पहिल्यांदाच नीट आजूबाजूला पाहिलं. तिन्ही बाजूंनी कांद्याची हिरवी रोपं आणि मधे हा पिवळा, वाळका तुकडा. सात वर्षं ते येत होते, दुर्बिणीतून लांबचं बारीकसारीक बघत होते. हे डोळ्यांपुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची किळस आली.

आता सांगायलाच हवं होतं. शिवाय सांगून बिघडणार तरी काय? पक्षी तर खरा आहे. फार तर हा माणूस चार शिव्या घालेल. तो हक्कच आहे त्याचा.

“गोरक्षनाथ,” ते म्हणाले, “तुमची माफी मागायची आहे. त्या पहिल्या दिवशी मी माळढोक पाहिला नव्हता. लांडोर होती ती. मला कळलं होतं, पण लाजेपायी गप्प बसलो. पुढे तुम्हालाच तो दिसला म्हणून निभावलं. खरा माळढोक पाहिला तो तुम्ही.”

गोरक्षनाथने कप खाली ठेवला. आक्काबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“लांडोर?” तो म्हणाला.

“हो.”

“मंजी हितं तो कदीच आला न्हाई?”

“असं कसं? तुम्ही दरवर्षी बघता की. परवाच पाहिलात ना?”

गोरक्षनाथने मान खाली घातली. शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखे त्याचे कान लाल झाले.

“न्हाई, सर. मला बी कदी दिसला न्हाई,” तो म्हणाला. “रोज पहाटं येऊन बसतो. न्हाई दिसला म्हनाया लाज वाटायची, म्हनून आला म्हनायचो. तुमाला एका दिसात दिसला, आन ज्याचं रान त्याला सात वरसात दिसंना. मला वाटायचं, माजंच काईतरी पाप आडवं येतंय.”