सात किलो

तेजरामनी बॅग आधी हातानंच उचलून पाहिली. "सातच्या वर हाये."

"नसंन, बाबा. सकाळी बरोबर भरली," धम्मदीप म्हणाला.

तुमसरच्या धान्य बाजारात चाळीस वर्षं मापारी म्हणून धान तोललेल्या माणसाशी वजनावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. काम सुटलं तरी लटकता काटा त्यांनी घरापुढच्या सपरीत, पडवीच्या आढ्याला टांगून ठेवला होता. त्याच्या आकड्याला त्यांनी बॅग अडकवली. सात किलो सहाशे.

विमान कंपनी स्वस्तातली होती. काल-परवापर्यंत नागपूर-पुणे करायची. आता तिला समुद्रकिनारे सुचले होते आणि ती सुट्टीवाल्यांना घेऊन मुंबईहून थेट थायलंडला, फुकेतला निघाली होती. तिकीट असं की नाही म्हणणं जिवावर यावं. बाकी पाणी विकत, जेवण विकत, आणि माणशी सात किलोची एक बॅग. जास्त भरली तर दारातच अडवतात. बॅगेचं तेवढं धम्मदीपनं घरी सांगितलं होतं. सुट्टीचं सांगितलं नव्हतं. थायलंडला ऑफिसचं ट्रेनिंग आहे, आठ दिवस, असं सांगितलं होतं.

त्याची माय, विमलाबाई, तीन वर्षांपासून बोधगयेला ने म्हणत होत्या आणि तीन वर्षं त्याचं एकच उत्तर होतं, सुट्टी भेटत नाही. आता बायको-मुलीला घेऊन समुद्रावर चाललोय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मनाली आणि रीना दोन दिवस आधीच नागपूरला माहेरी गेल्या होत्या. गोंदियाहून निघालेला तो तासाभरासाठी इथे उतरला होता, भेटल्याशिवाय जाऊ नको असं मायनं बजावलं होतं म्हणून.

"विहारात सांगतलं मी सगळ्याइले," विमलाबाई म्हणाल्या. "माहा पोरगा बुद्धाच्या देशात जाऊन राहिला. ताराबाई म्हने, मोठं पुण्य हाये वो तुह्यं."

धम्मदीपनं चहाचा कप खाली ठेवला. इतकी साधी थाप मारली होती आणि ती विहारापर्यंत पोचून पुण्य होऊन परत आली होती.

विमलाबाईंनी आतून चिन्नोर तांदळाची पिशवी आणली. "हे तुह्या सायबाले देजो. कपडे कमी कर थोडे. ट्रेनिंगले कितीक कपडे लागते?"

तेवढ्यात मनालीचा फोन आला. तो उठून अंगणात गेला.

"रीनाची पाण्यातली रिंग घेतली ना? आणि माझी टोपी?"

"घेतली."

"आईंना खरं सांगितलं?"

"नाही."

मनाली म्हणाली, "मला नाही आवडलं हे."

"मले आवडलं असं वाटते का तुले?"

तो परत आला तेव्हा विमलाबाई आत तांदूळ छोट्या पिशवीत काढत होत्या. तेजराम खाली बसले होते आणि बॅग त्यांच्यापुढे उघडी होती. मनालीची रुंद काठाची टोपी बाजूला पडली होती. मांडीवर निळी, बदकाच्या तोंडाची, हवा काढलेली रिंग. चार वर्षांच्या पोरीच्या कमरेला बसेल एवढी. तेजराम तिच्या सुरकुत्या तळहातानं सरळ करत होते.

"बाबा, मी..."

"हळू बोल. माय आत हाये."

धम्मदीप तिथेच उभा राहिला. त्याला खाली बसून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. बोधगयेला पुढच्या महिन्यात नेतो, असंही ओठांवर आलं. पण त्या तोंडानं दिलेल्या शब्दाला आता किंमत ती काय, हे त्यालाच कळत होतं.

तेजरामनी रिंगेची नीट घडी केली आणि कपड्यांच्या पार तळाशी सरकवली. टोपी तिच्यावर दाबली. मग वर ठेवलेले ऑफिसचे काळे बूट उचलले. घरी दिसावेत म्हणून धम्मदीपनं ते मुद्दाम वरच ठेवले होते.

"हे नाही लागत तुले," ते म्हणाले आणि बूट भिंतीशी नेऊन ठेवले.

विमलाबाई बाहेर आल्या. "बूट काहून काढले जी?"

"एक जोड पायात हाये त्याच्या. होते तेवढ्यात." तेजरामनी बॅग मिटून पुन्हा तोलली. "चिन्नोर नाही बसत. तीनशे ग्रामच जागा हाये."

विमलाबाई पिशवी ठेवायला आत गेल्या. येताना मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आल्या.

"मंग हे नेजो, बाबू. तिकडच्या विहारात माह्या नावानं लावजो. माह्ये गुडघे आता बोधगयाले पोचत नाही. तू गेला म्हनजे मीच गेली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच धम्मदीपला हात पुढे करवेना. पुडा तेजरामनी घेतला. बायकोकडे पाठ करून त्यांनी बॅग वीतभर उघडली, तो आत सारला आणि चेन ओढली.

बॅग परत काट्याला लागली. तोलताना माणसाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, काट्याकडे पाहायचं, ही त्यांची बाजारातली सवय. धम्मदीप त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. ते काट्याकडे पाहत होते.

"सात," तेजराम म्हणाले. "जाय आता. तुले कोनी अडवत नाही."