पॉलिशवाल्याची कबुली

"एक बाही माझी आणि दुसरी जेलरसाहेबांची का, वहिनी?"

शिपायाने आत दिलेला स्वेटर पॉलिशवाल्याने अंगाला लावून पाहिला. उजवी बाही चांगली चार बोटं लांब होती. बाई कसनुशी हसली.

सात वर्षं ती दर गुरुवारी तुरुंगात यायची. कधी मोजे, कधी स्वेटर, आणि येशूचं शुभवर्तमान तर कायमचंच. ज्याने मालकाच्या, म्हणजे हिच्याच नवऱ्याच्या, डोक्यात हातोडी घातली असं कोर्टाने ठरवलं, त्याच्यासाठी ही विणत बसते म्हणून चर्चमधल्या बायका आधी कुजबुजल्या. मग पाळकसाहेबांनी क्षमेवर प्रवचन केलं आणि उदाहरण हिचं दिलं. पूर्ण वेळ तिने मान वर केली नाही. लोकांना ती नम्रता वाटली.

"वकील येऊन गेला म्हणे," ती म्हणाली.

"गेला ना. पुढच्या महिन्यात केस पुन्हा उघडतेय. फर्निचरच्या कारखान्यातलं ते कपाट आठवतं? त्या दिवशी मी नुकतंच पॉलिश मारलं होतं. त्यावर अंगठा उमटलाय. काम याचं म्हणजे अंगठाही याचाच, असं म्हणून कोणी जुळवूनसुद्धा पाहिला नाही." त्याने स्वतःचा अंगठा पुढे धरला. "वीस वर्षं हा धंदा केला, वहिनी. ओल्या पॉलिशला माझं बोट लागलंय कधी?"

"भाऊ, वकील कोर्टात चालतो. देवापुढे नाही."

"झालं सुरू!"

"हसू नका. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी तो चोर टांगला होता, त्याने काय केलं? आपलं पाप कबूल केलं, आणि त्याच दिवशी त्याचं तारण झालं. तुम्ही सात वर्षं 'मी नाही, मी नाही' करताय. आपल्यासाठी प्रभूने रक्त सांडलं, आणि तुम्हाला एक शब्द जड होतो?"

"केलंच नाही ते कबूल काय करू?"

बाईचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"छातीवर धोंडा घेऊन जगतेय हो मी. घास उतरत नाही. तुम्ही एकदा हो म्हणालात तर सुटेन."

पॉलिशवाला जाळीपलीकडून तिच्याकडे पाहत राहिला.

"तुमच्या प्रभूने कोणाला विचारलं होतं का, वहिनी? तुमच्यासाठी मरू का म्हणून?"

"नाही. न विचारताच."

"हं."

त्याने शिपायाला हाक मारून कागद मागितला. चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. अक्षर त्याच्या कामासारखंच, कुठे डाग नाही. मग जाळीला तोंड लावून हळूच काहीतरी बोलला. बाईने टेबलाची कड घट्ट धरली. शिपायाला वाटलं, माफी मागत असेल. तो भला माणूस, त्याने तोंड फिरवलं.

स्टॉपवर बाईने दोन बस सोडून दिल्या. तिसरीत बसली, ती उलट्या दिशेची निघाली. घरी पोचायला दिवेलागण झाली.

मुलगी दारातच उभी होती. सात वर्षांत गुरुवारी तिला कशालाच हात लाववत नसे.

"झालं," बाई म्हणाली. "दिलं लिहून त्याने. आता तुला न्यायला कोणी येणार नाही."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारलं, "त्याला काही कळलं नाही ना, आई?"

बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"त्याने तुला कपाटापाशी पाहिलं होतं, त्याच दिवशी, कारखान्याच्या खिडकीतून. म्हणाला, मला सुटायचं होतं, वहिनी, पण तुमच्या पोरीला आत पाठवून नाही."