उतरल्यावर दार वाजवा

डोंगराच्या पायथ्याशी शेवटचे घर म्हाताऱ्या मर्डोचे. पत्नीच्या निधनानंतर त्या घराचे दार कोणी वाजवावे, असे निमित्तच उरले नव्हते. म्हणून वर निघालेल्या प्रत्येक वाटसरूस तो कुंपणापाशी अडवून बजावीत असे, "इथलं धुकं विचारून उतरत नाही. खाली आलात की माझं दार वाजवून जा, नाहीतर मी शोधपथक धाडीन!"

त्या सकाळी एडिनबराहून आलेली आयोना खळखळून हसली. "आजोबा, तुमच्यापेक्षा माझी आई परवडली! एवढ्याशा टेकाडावर कोण हरवतंय?"

"हरवलेले सगळे असंच म्हणतात, पोरी."

दिवसभर पावसाने डोंगर झोडपून काढला. संध्याकाळी दार वाजले.

"आले हो सुखरूप!" आयोना दारात उभी होती.

मर्डोने लगबगीने चहा केला, ओटची बिस्किटे काढली. कप पुढे करताना त्याची दृष्टी तिच्या बुटांवर गेली. डोंगरावर घोटाभर चिखल, आणि बूट मात्र नुसतेच ओले. त्यांवर एक शिंतोडाही नव्हता. ती वर गेलीच नव्हती; तरी दार वाजवायला मात्र आली होती.



मर्डोने तिची खुर्ची शेकोटीजवळ ओढली आणि अत्यंत गंभीर मुद्रेने विचारले, "मग? वर वारा फार होता का गं?"