घरगाडीत कोण चालतंय

ॲरिझोनाच्या वाळवंटात, सरकारी माळावर आम्ही घरगाडी लावली होती. भर दुपारी आम्ही तिघंही बाहेर सावलीत बसलो होतो, तरी आत कुणी चालावं तशी गाडी डुलू लागली.

"उंदीर असेल," सून लोरीन म्हणाली.

"एवढा मोठा? मग तुझ्या माहेरचाच असणार," मी म्हटलं.

माझा मुलगा ड्वेन हातोडा घेऊन आत शिरला. गाडी गदागदा हलली, काच फुटली, त्याची किंकाळी अर्ध्यातच तुटली. दाराखालून रक्त पायरीवर ठिबकू लागलं.

लोरीन धावली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात आतून माझाच आवाज आला. "लोरीन, बघत काय उभी राहिलीस? ये आत!"

माझ्या हाताला कडकडून चावून ती आत गेली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिनं सासूचं ऐकलं.