शनिवारची नखं

किर्ती शनिवारी नखं कापायला बसली आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. जनाबाईंच्या घरात शनिवारी, मंगळवारी आणि दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत म्हणजे नाहीत. लग्न होऊन ती मांजर्लीच्या या घरात आली, तेव्हा पहिला ओरडा त्यावरूनच खाल्ला होता. आज मात्र जनाबाई गॅलरीच्या दारात खुर्ची ओढून, हात पदरात गुंडाळून नुसत्या बघत बसल्या. समोर टबात कोमट पाणी, त्यात शाम्पूचा फेस आणि लिंबाची फोड. शेजारी नेलकटर, फाईल, रिमूव्हरची बाटली, कापूस.

“उद्या बनूबाईंच्या भावेशचा साखरपुडा आहे ना,” किर्तीने कोणी न विचारताच सांगितलं. “हात जरा बरे दिसायला हवेत. पार्लरला कोण जातंय.”

“या खेपेला बरीच वाढू दिलीस,” जनाबाई म्हणाल्या.

कापसाचा बोळा नखावरच थांबला. दर रविवारी ती हा थाट न चुकता मांडायची. गेल्या रविवारी मांडला नव्हता. मरून रंगाचे टवके उडाले होते, तेही तिने तसेच ठेवले होते.

“वेळच नाही मिळाला, आई.”

“असेल,” जनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गप्प झाल्या.

या गप्प राहण्याची किर्तीला गेल्या महिन्यापासून धास्ती होती. शेजारच्या बनूबाई प्रसाद द्यायला आल्या होत्या आणि जाता जाता हसत म्हणाल्या होत्या की तुमची सून नखंबिखं रंगवून शहाडला कोणाला भेटायला जाते, फॉल-बीडिंगचं काम तर उल्हासनगरला ना? जनाबाईंनी तिची मैत्रीण राहते तिथे असं सांगून विषय मोडला. स्वयंपाकघरात किर्तीने सगळं ऐकलं. तिने सासूला अशा कुठल्या मैत्रिणीबद्दल कधीच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून सासूची नजर पाठीवर जाणवायची. तरी किर्ती मनाशी म्हणायची, घेऊ देत संशय. परक्या पुरुषाला भेटते असा संशय परवडला. खरं कळू नये.

शहाडला बुधाजी राहत होते. जनाबाईंचे यजमान, किर्तीचे सासरे. किर्तीचा नवरा जितेश शाळेत असतानाच ते दुसरा संसार थाटायला निघून गेले, आणि तेव्हापासून या घरात त्यांचं नाव निघालं नाही. पण जनाबाईंचा सोमवार सुटला नाही, वटपौर्णिमा सुटली नाही, कपाळावरचं कुंकू कधी फिकं झालं नाही. तो दुसरा संसारही पुढे मोडला. बुधाजी अंथरुणाला खिळले तेव्हा जवळ एक पुतण्या तेवढा उरला होता. जितेशने मस्कतहून फोनवर सांगितलं की आईला न कळता अधूनमधून बघून येत जा. ती जात राहिली.

मागच्या आठवड्यात बुधाजी गेले. अग्नी पुतण्याने दिला. सुट्टीवर आलो की मीच सांगेन, असं जितेशचं म्हणणं पडलं. तोवर आईचं कुंकू राहू दे, तिला धक्का सोसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ते आठव.

मग किर्तीने एकटीनेच सुतक पाळलं. आधी पाळीचं, मग कामाच्या घाईचं निमित्त सांगून देवघराकडे फिरकली नाही. नखाला हात लावला नाही.

नशीब म्हणावं, तर नेमका तेव्हाच जनाबाईंचा गुडघा धरला. खाली बसवत नाही म्हणून देवापुढचा दिवा त्या बनूबाईंकडून लावून घेऊ लागल्या. सोमवारचं शिवमंदिरही राहिलं. किर्तीचा डबा एरवी त्याच भरून द्यायच्या. मऊ भात, बिनतिखटाची आमटी, वर “उन्हात जातेस, पोटाला जपून राहा” हे ठरलेलं. तो डबाही त्यांनी आपणहून बंद केला. किर्तीने देवाचे आभारच मानले होते. दोघी बाजूला, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.

आता तिने बोटं पाण्यातून काढली, नखांच्या कडेची कातडी काडीने मागे सारली, फाईल फिरवली. नेलपॉलिशची बाटली उघडली आणि तशीच परत बंद केली.

“रंग नाही लावत?” जनाबाईंनी विचारलं.

“नको. साधीच बरी दिसतात.”

“आज डोक्यावरून न्हालीस.”

“हो. उद्याचं कार्य आहे म्हणून.” मग तिचं लक्ष सासूच्या केसांकडे गेलं. पदराखालून पाणी निथळत होतं. “तुम्हीपण?”

“डोकं जड झालं होतं.”

किर्तीने घाईने कापलेली नखं कागदात गोळा केली. आता उठावं आणि आत जावं, एवढंच तिला सुचत होतं.

“थांब. पाणी नको ओतूस,” जनाबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या. दाराला धरलं नाही, गुडघ्यावर हात ठेवला नाही. सरळ तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. कपाळावरचं कुंकू रोजच्याएवढंच मोठं होतं. त्यांनी पदरातून दोन्ही हात बाहेर काढले आणि टबात बुडवले. एरवी मुळापर्यंत कापलेली असायची ती नखं चांगलीच वाढली होती.

“शहाडला दहावा झाला ना सकाळी?” त्या हळूच म्हणाल्या. “मग माझीही काप.”